पाण्याला गेलेला शिष्य

महाराज समाधी घेणार म्हणून सकाळपासून सेटवर नुसता धुडगूस चालला होता. साडेआठ वर्षं चाललेल्या मालिकेचा आज शेवटचा दिवस, भाग दोन हजार सहाशे त्रेपन्न. सुट्टी लागायच्या दिवशी शाळेत जे पोरांचं होतं तेच इथे पन्नाशी उलटलेल्या माणसांचं झालं होतं. मालिकेतला दुष्ट सावकार गाईच्या गळ्यात गळा घालून फोटो काढून घेत होता. दोन भक्तांनी आपसात केसांचे टोप बदलले होते आणि कोण कोणता हे त्यांनाच कळेनासं झालं होतं. दाढ्या चिकटवणारे दाढीमामा दिसेल त्याच्या हनुवटीला गोंदाचं बोट लावून पळत होते. आणि खुद्द महाराज, म्हणजे महाराजांचं काम करणारे नट, समाधीच्या चौथऱ्यावर मांडी घालायचे, डोळे मिटायचे, चेहऱ्यावर परमशांती आणायचे आणि फिस्सकन हसायचे. की पुन्हा पहिल्यापासून.

हसत नव्हती ती एकटी वहीबाई.

वहीबाईचं काम म्हणजे वही. आधीच्या दृश्यात तांब्या डाव्या हाताला असेल तर पुढच्यातही तो डाव्याच हाताला हवा, कपाळावरचा घाम मधेच वाळता कामा नये, दार उघडलेलं असेल तर ते कुणीतरी लावलं पाहिजे, हे सगळं ती लिहून ठेवी आणि चुकलं की ओरडे. महाराजांनी एकदा एका लंगड्याला बरं केलं तेव्हा सगळे डोळे पुसत असताना हीच म्हणाली होती, "थांबा. लंगडत होता डाव्या पायानं, बरा झालाय उजवा." लंगड्याला पुन्हा लंगडं करून पुन्हा बरं करावं लागलं. तेव्हापासून तिच्या वहीला सेटवर पाचवा वेद म्हणायचे, आणि आधीचे चारही वेद कुणी वाचले नसल्यामुळे हाच खरा धरायचे.

आणि अशा मालिकेत वही हवीच. खऱ्या चरित्रात जेवढं होतं तेवढं चारशे बाराव्या भागातच संपलं होतं. तेही कसं, तर नमनालाच घडाभर तेल: महाराजांचा जन्म व्हायला एकोणचाळीस भाग लागले आणि त्यातले अकरा नुसत्या वादळाचे होते. पुढचे दोन हजारांवर भाग लोकांच्या प्रेमावर आणि लेखकांच्या पोटापाण्यावर चालले. एका विहिरीला तीनदा पाणी लागलं. सावकाराला नऊ वेळा पश्चात्ताप झाला आणि दर वेळी सोमवारपर्यंत तो उतरला. गाय चार वेळा बदलली. तिसरी तर बैल होती, पण बसलेलीच दाखवली. हसण्यासारखं खूप होतं, वहीबाई हसायचीही. पण संध्याकाळी सात वाजता घराघरांत माणसं हातातलं काम टाकून त्या पडद्यासमोर बसत आणि दिवसभराच्या कटकटीनंतर वीस मिनिटं कुणीतरी आपल्याशी बरं बोलतंय असं त्यांना वाटे, हेही तिनं पाहिलं होतं. स्वतःच्या घरातच पाहिलं होतं.

घोडं तिथेच अडलं होतं. तिच्या वहीत एक चूक होती, साडेसहा वर्षं जुनी, आणि ती चूक या क्षणी भगवं धोतर नेसून, खांद्यावर घागर घेऊन, सेटच्या मागच्या पडद्याआड उभी होती. ती चूक म्हणजे वहीबाईचे वडील.

त्याचं असं झालं. भाग सहाशे एक्केचाळीसच्या दिवशी वहीबाई चष्मा घरी विसरली, आणि तो पोचवायला तिचे बाबा सेटवर आले. जन्मभर तारखात्यात नोकरी केलेला माणूस. दुसऱ्याची वस्तू पोचवल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. त्या दिवशी एका शिष्याचं काम करणारा माणूस आलाच नव्हता. दाढीमामांनी बाबांची करडी दाढी पाहिली आणि आनंदानं ओरडले, "ही बघा, चिकटवलेली नाही!" पाच मिनिटांत बाबा शिष्य झाले. महाराज म्हणाले, "तहान लागली रे." बाबा हात जोडून म्हणाले, "आत्ता आणतो, महाराज." आणि घागर उचलून नदीकडे निघून गेले. बस. पाणी घेऊन परत यायचं दृश्य दुसऱ्या दिवशी होतं.

दुसऱ्या दिवशी पहिला लेखक भांडून निघून गेला. नवा आला तो एका दमात कथा दहा वर्षं पुढे घेऊन गेला, दुसऱ्या गावात. नदी राहिली मागे, आणि नदीवर गेलेला शिष्यही.

अशा अर्धवट राहिलेल्या गोष्टींसाठी वहीबाईच्या वहीत शेवटी एक पान होतं, 'बाकी' नावाचं. गाय चरायला गेली, परत आणणे. सासूला शाप दिला, सोडवणे. त्या पानावर हे लिहायला हवं होतं. तिनं लिहिलं नाही. शिष्य म्हणजे आपले वडील हे दाढीमामांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. उद्या कळलं तर लोक म्हणतील बाई स्वतःच्या बापाची वर्णी लावतेय. आपल्या हातानं आपल्या माणसाचं नाव कसं लिहायचं, अशी तिला लाज वाटली. म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला प्रकार, फक्त इथे ती ताकाला गेलीसुद्धा नाही. घरी मात्र बाबांना सांगून बसली, "दाढी काढू नका हं, बोलावतील."

बाबांनी दाढी ठेवली. तशीच, तेवढीच. दर रविवारी त्या दिवशीचा फोटो आरशाशेजारी लावून, पट्टीनं मोजून कापायचे. एक वर्ष, दोन वर्षं, सहा वर्षं. शेजारीपाजारी विचारायचे, "काय तारमास्तर, मिळालं का पाणी?" तर हे गंभीरपणे सांगायचे, "रांग आहे." घरात त्यांची धाकटी बहीण असे, वहीबाईची आत्या. ती रोज सातच्या ठोक्याला टोचायची, "दादा, नदी आटली असेल रे एव्हाना! ये आता नुसताच, घागर ठेवून!" बाबाही हसायचे. पण मालिका संपणार अशी बातमी आली त्या संध्याकाळी ते हसले नाहीत. पडदा बंद झाल्यावर म्हणाले, "म्हणजे महाराज तहानलेलेच जायचे."

"अहो बाबा, नाटक आहे ते."

"नाटक आहे गं, मला कळत नाही का. पण तो माणूस पाण्याला म्हणून गेला आणि आला नाही. लोक म्हणणार, पळाला. मी पळालो नाही ना. मला तसं काही सांगितलंच नव्हतं."

तिला ते बघवेना, आणि बघवेनासं झालं की माणूस तोंडानं काहीही बोलून जातो. ती म्हणाली, "बोलावलंय तुम्हाला. शेवटच्या दिवशी."

आता आला का शेवटचा दिवस! बाबा पहाटेच उठून तयार. घागर घरचीच घेतली. "सेटवरच्या घागरी रिकाम्या असतात," ते म्हणाले, "रिकामी घागर उचलणाऱ्याचा खांदा लगेच ओळखू येतो." आत्यानं दारातूनच ओरडून सांगितलं, "या वेळी वाटेत कुठे रमू नकोस रे!"

सेटवर आल्या आल्या वहीबाईनं त्यांना मागच्या पडद्याआड उभं केलं आणि लेखकाला गाठलं. हा तिसरा लेखक. पंचविशीचा, हुशार, मोबाइलवर दोन अंगठ्यांनी संवाद लिहिणारा.

"एक दृश्य राहिलंय," ती म्हणाली. "सहाशे एक्केचाळीसात एक शिष्य पाण्याला गेला तो आलाच नाही."

"सहाशे एक्केचाळीस?" तो मनापासून हसला. "वहीबाई, तेव्हा मी कॉलेजात होतो. लोकांना काल काय जेवलो ते आठवत नाही."

"काही लोकांना आठवतं."

"असू दे की. समजा, गेला तो दुसरीकडे. दुसऱ्या गुरूकडे गेला. तिथे पाणी जवळ असेल." आणि स्वतःच्या विनोदावर खूष होऊन तो चहा घ्यायला गेला.

मग दिग्दर्शक. ते वर टांगलेल्या फुलांच्या जाळ्याकडे बघत होते. महाराजांनी डोळे मिटले की दहा आकडे मोजायचे आणि चाळीस किलो फुलं सोडायची. फुलं एकदाच येणार होती, त्यामुळे ते घामाघूम झाले होते.

"वहीबाई, आज पाणीबिणी काही नाही. आज समाधी. एकदाच होणार. कुणी शिंकलं तरी मी महाराजांच्या शेजारी समाधी घेईन."

"पण चूक माझी आहे. मी लिहिलं नव्हतं."

"तुमची चूक?" दिग्दर्शकांना हे इतकं अशक्य वाटलं की ते खो खो हसले. "आज सगळ्यांनाच चढलंय, तुम्हालासुद्धा!"

चुकीची कबुली दिली तर ती चूकही कुणी मानायला तयार नाही, असं तिच्या अचूकपणाचं झालं होतं. तिच्या तोंडचं पाणी पळालं. पडद्याआड जाऊन पाहते तर दाढीमामा रंगाची पेटी उघडून बाबांसमोर बसलेले.

"या, या," दाढीमामा म्हणाले. ते एकटेच ओळखून होते आणि त्यांना आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. "तुम्हीच सांगा. हे गेले त्याला आपल्याला झाली सहा वर्षं. गोष्टीत, सगळ्या उड्या धरून, झाली तीस. म्हाताऱ्याला कितीनं म्हातारा करू?"

"तीसनं," वहीबाई सवयीनं म्हणाली.

"नको," बाबा म्हणाले. "नदी जवळ होती."

यावर दाढीमामांना हसू आवरेना. त्यांनी तोंडात टॉवेल कोंबला आणि बाहेर पळाले. बाबांनी घागर भरून खांद्यावर घेतली आणि सरळ उभे राहिले. बाहेरून आरोळी आली, "शांतता!" शंभर माणसांच्या त्या गोंगाटावर एकदम झाकण पडलं.

आता सांगायलाच हवं होतं. वहीबाई अगदी हळू म्हणाली, "बाबा, तुम्हाला कुणी बोलावलेलं नाही. मी खोटं बोलले."

"ते आल्यावरच कळलं," बाबाही तितक्याच हळू म्हणाले. "बोलावलेल्या माणसाला कुणीतरी चहा विचारतं."

तिला रडू यायला लागलं. बाहेर महाराज भक्तांचा निरोप घेत होते. सकाळपासून फिस्सकन हसणारा तो माणूस आता असा काही बोलत होता की सावकारसुद्धा दहाव्यांदा आणि बहुधा खरोखर रडत होता. मग महाराजांनी डोळे मिटले. दिग्दर्शकांनी एक बोट वर केलं. एक.

"रडू नंतर," बाबा म्हणाले. "जाऊ की नको, तेवढं सांग. तू सांगशील तसं. पण लवकर सांग, भरलेली आहे."

दोन. तीन. साडेआठ वर्षांत चित्रण चालू असताना वहीबाई कधी खोकलीसुद्धा नव्हती. दुसऱ्याच्या चपलेचा आवाज झाला तर ती त्याच्याकडे असं बघे की तो माणूस पुढचा आठवडा अनवाणी फिरे. ही नोकरी, हे नाव, तो पाचवा वेद, सगळं पणाला लागलं होतं आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं. चार. पाच. तिनं पडदा बाजूला केला, बाबांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "जा, बाबा."

बाबा निघाले.

भरली घागर घेऊन येणाऱ्याला माणसं आपोआप वाट देतात. भक्तांची गर्दी दुभंगली. पाणी हिंदकळत होतं, बाबांचा खांदा भिजत होता, आणि दिग्दर्शकांचं सहावं बोट वर गेलं ते तिथेच राहिलं. तेवढ्यात गर्दीतून एक आवाज आला. रडणाऱ्या आजींचा. या आजी पहिल्या भागापासून दर मृत्यूला, दर निरोपाला रडायला बोलावल्या जात, आणि गप्प रडणं एवढीच त्यांची अट होती. त्या मोठ्यानं म्हणाल्या, "अगंबाई! हा तर पाण्याला गेलेला! आला की गं!"

"कोण?" "तो नाही का, नदीवर..." "खरंच की!" "जिवंत आहे!" गर्दीतून कुजबूज अशी धावली की समाधीला आलेली माणसं बारशाला आल्यासारखी दिसू लागली. कॅमेरेवाल्यानं दिग्दर्शकांकडे पाहिलं. थांबवू? दिग्दर्शकांचं सहावं बोट आता गोल गोल फिरत होतं, चालू ठेव, चालू ठेव.

महाराजांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. समोर घागर घेतलेला म्हातारा आणि संवाद लिहिलेला कागद कुठेच नाही. पण आठ वर्षं महाराज केलेला माणूस तो. थोडंफार अंगात मुरलंच असणार.

"आलास?" ते म्हणाले. "केवढा उशीर रे केलास."

बाबांनी घागर खाली ठेवली. त्यांना धाप लागली होती, खरीच. वहीबाईनं डोळे मिटून घेतले. सहा वर्षांपूर्वी त्यांना तीन शब्द बोलायचे होते आणि त्यालाही चार वेळा चित्रण करावं लागलं होतं.

"काय सांगू, महाराज," बाबा म्हणाले. "घागर भरून निघालो की वाटेत कुणीतरी तहानलेलं भेटायचं. तुम्हीच शिकवलेलं, नाही म्हणू नये. त्याला पाजलं की घागर रिकामी. पुन्हा नदीवर. पुन्हा निघालो की पुन्हा कुणीतरी. आज पहिल्यांदा वाटेत कुणी तहानलेलं भेटलं नाही."

हे कुणी लिहिलं नव्हतं. दर रविवारी आरशासमोर दाढी मोजताना म्हातारा हे घडवत बसला होता तर! वहीबाईनं डोळे उघडले.

महाराजांनी ओंजळ पुढे केली. रंग ओघळू नये म्हणून त्या माणसाला सकाळपासून कुणी पाण्याचा थेंब दिला नव्हता, हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही. ते प्यायले. पुन्हा ओंजळ, पुन्हा प्यायले. प्यायले ते संपेपर्यंत प्यायले. दाढी एका बाजूनं सुटली, पाणी छातीवर आलं, आणि ते हसायला लागले. सकाळचं फिस्सकन नव्हे, पोटातून, मोकळं. बाबा हसले. आजी रडायचं सोडून हसल्या. सगळी गर्दी हसत होती आणि डोळे पुसत होती. वर फुलांच्या जाळ्यापाशी बसलेल्या माणसाला काय करावं कळेना. सगळे खूष दिसतायत म्हणजे आपलीच वाट बघत असणार, असं समजून त्यानं दोरी सोडली. चाळीस किलो फुलं महाराजांवर, बाबांवर, सावकारावर आणि रिकाम्या घागरीत पडली.

"कट," दिग्दर्शक म्हणाले. आवाज इतका बारीक आला की त्यांनी तो पुन्हा एकदा दिला.

मग जो कल्ला झाला तो विचारू नका. दिग्दर्शक लेखकाला मिठी मारून विचारत होते, "कधी लिहिलंस हे?" लेखक कसला कच्चा! आयत्या बिळावर नागोबा होऊन तो म्हणाला, "सुचलं आयत्या वेळी."

"यांचा नुसता चेहरा आणि घागर पुन्हा घेऊ, जवळून," दिग्दर्शक म्हणाले. "फुलं झाडा त्यांच्या अंगावरची. वहीबाई! घागर कुठल्या खांद्यावर? पाणी कुठवर? पाऊल कुठलं पुढे?"

वहीबाईनं वही उघडली. आजचं पान कोरं होतं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

दोन भक्तांनी टोप काढून हातात घेतले.

"माहीत नाही म्हणजे?"

"मी लिहिलं नाही. मी बघत बसले." तिनं मान खाली घातली नाही. "ते माझे वडील आहेत."

दिग्दर्शकांनी तिच्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे. काही बोलणार तोच चौथऱ्यावरून बाबांनीच तारेचा मजकूर सांगावा तसं ठणठणीत सांगितलं, "खांदा डावा. पाणी काठाच्या खाली दोन बोटं. पाऊल उजवं. धोतराचा सोगा डाव्या हातात. लिही."

ती लिहू लागली. दाढीमामांनी पुन्हा टॉवेल शोधला.

"आणि पाणी संपलंय," बाबा म्हणाले. त्यांनी घागर उपडी करून फुलं झाडली, ती काखेत मारली आणि चौथऱ्याची पायरी उतरू लागले. "थांबा जरा. मी आत्ता भरून आणतो."

"नको!" सगळा सेट एका आवाजात ओरडला. दिग्दर्शक ओरडले, लेखक ओरडला, सावकार आडवा झाला, आजींनी बाबांचं धोतर धरलं, आणि घाबरलेल्या गाईनंसुद्धा तोंड वर केलं. महाराज तर लोंबती दाढी सावरत चौथऱ्यावरून उडी मारून आले आणि त्यांनी बाबांच्या काखेतली घागर काढून घेतली.

"तुम्ही बसा," ते म्हणाले. "या खेपेला मी जातो."

आणि खांद्यावर घागर घेऊन, वाटेत फुलं सांडत, महाराज नळावर पाणी भरायला गेले.